तुंबली की उपाशी

३ फेब्रुवारी, मंगळवार

हट्ट्या,

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं मधलं एखादं पान गळालं असेल. माझे गुडघे विचारलेस, पोरीचा अभ्यास विचारलास, छपराची गळती विचारलीस, मांजरसुद्धा विचारलंस. बायकोचं नाव नाही. पान काही गळालेलं नव्हतं.

लिहितोस, "आई, लाँड्रीला टाळं लाव आणि इकडे ये. खोली मोठी आहे, ऊन येतं." ऊन इथेही येतं आणि न बोलावता येतं. टाळं लावायला मी अजून मेलेली नाही.

पुढे लिहितोस की हॉस्पिटलचं काम आज ना उद्या तुमच्याकडेच यायचं आहे. म्हणजे पाणी कुठे मुरतंय ते कळलं. मेट्रनबाई परवा स्वतः चालत आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, चादरी संध्याकाळी पाचच्या आत वॉर्डात पाहिजेत. गेल्या महिन्यात कितीदा पेशंट नुसत्या गादीवर झोपवले ते विचारू नका, माझ्या तोंडून वाईट शब्द जाईल. मार्चअखेरपर्यंत बघते. नाही जमलं तर मोठ्या लाँड्रीला देऊन टाकते." मोठी लाँड्री म्हणजे तुझी. तू तिथे फोरमन. आईच्या ताटातलं उचलून आईलाच जेवायला बोलावतोस, शाबास.

हॉस्पिटल गेलं तर मागे काय राहतं? दोन लॉजचे टॉवेल आणि न्हाव्याची फडकी. त्यावर ही लाँड्री चालत नाही, हे मी तुला सांगायला नको.

भांडण कशावरून झालं ते तू विसरला असशील म्हणून लिहिते. तू म्हणालास, दुसरा ड्रायर घेऊ. बायको म्हणाली, आधी मला नीट बघू दे. मी म्हटलं, दुसरा ड्रायर ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर? तू म्हणालास, "मग बसा दोघी बादल्या घेऊन," आणि पिशवी उचललीस.

तर ती बसली. खरंच बसली. बादली उपडी घालून, हॉलच्या बरोबर मध्यावर, आज आठवा दिवस. काही करत नाही, बघते. पोरीची पाटी घेतली आहे, तिच्यावर रेघा मारते. धुणेमामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, सूनबाईंना कुणाला तरी दाखवा." मी म्हटलं, तू तुझं मशीन बघ.

रडली मात्र नाही. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. रडली असती तर मला चार शब्द सुनवायला मिळाले असते. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

टाळं न लावणारी,
तुझी आई

१४ फेब्रुवारी, शनिवार

हट्ट्या,

आता बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच "मला माहीत आहे" म्हणायचं नाही. तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

नंबरबाई बादलीवरून उठली. हे नाव तूच पाडलंस, टर उडवायला, कारण लग्नाआधी ती हॉस्पिटलच्या ओपीडीत उभी राहून पेशंटचे नंबर पुकारायची. आता इथे सगळे तिला त्याच नावाने हाक मारतात आणि मारताना जरा सरळ उभे राहतात.

पाटीवर दोनच शब्द लिहिलेले. एका बाजूला 'उपाशी', दुसऱ्या बाजूला 'तुंबली'. खाली रेघाच रेघा. मी म्हटलं, "हे काय, माझं पोट का?" म्हणाली, "आई, मशीन थांबलेलं दिसलं की आपण म्हणतो थांबलं. पण ते का थांबलं ते विचारायचं. पुढ्यात काम नाही म्हणून उभं असेल तर ते उपाशी. काम झालंय, पण झालेलं ठेवायला पुढे जागा नाही म्हणून उभं असेल तर ते तुंबलंय. दोन्ही वेळा ते सारखंच दिसतं, पण औषध वेगळं."

आता तुझ्या पिवळ्या रेघा आठव. हॉल केवढा, तर मशीनं सोडून दहा ट्रॉल्या उभ्या राहतील एवढा. बाकीचा बोळ मोकळा ठेवायचा, म्हणून तूच रेघा आखल्यास. छान आखल्यास, अजून पुसल्या नाहीत. मी मळके कपडे निवडते, त्याच्यापुढे धुण्याआधी दोन ट्रॉल्यांची जागा. धुतल्यावर ड्रायरच्या अलीकडे सहा. ड्रायर आणि इस्त्रीचा गरम रोलर यांच्या मध्ये एक. रोलर आणि घडी यांच्या मध्ये एक. जिथे ढीग तिथे जागा. कोणीही असंच केलं असतं. ड्रायर सगळ्यांत मंद, ओल्या चादरी त्याच्याच दारात साचणार, मग त्याच्याच दारात जागा.

तिच्या पाटीवर आठवडाभरात ड्रायर एकदाही उपाशी नाही. कसा असेल, सहा ताटं वाढून ठेवलेली. पण तुंबली, तुंबली, तुंबली. मी रेघा मोजायच्या सोडून दिल्या. आपला रोलर तुला माहीत आहे, नव्या नवरीसारखा रुसतो. कधी चादर गुंडाळली, कधी दोरा अडकला, कधी पट्टा सरकला. दहा मिनिटं बंद. त्याच्यापुढची एक ट्रॉली तेवढ्यात भरते. मग ड्रायरच्या पोटात सुकलेल्या गरम चादरी तशाच. दार उघडून टाकणार कुठे? म्हणून तोही उभा. आणि अलीकडे सहा ट्रॉल्या ओलं घेऊन आंबट वास मारतात. आपण काय म्हणायचो? ड्रायर मंद आहे, दुसरा घ्या.

मी म्हटलं, "दहा मिनिटांनी रोलर सुरू होतोच ना?"

त्यावर ती जे बोलली ते मी पाठ केलं आहे. म्हणाली, "रोलरची गेलेली दहा मिनिटं रोलर भरून काढतो, तो चपळ आहे. ड्रायरची गेलेली दहा मिनिटं कोणीच भरून काढत नाही, कारण सगळ्यांत मंद तोच."

मी चाळीस वर्षं हे काम करते आहे. मला गप्प बसावं लागलं. गप्प बसायला मला आवडत नाही हे तुला ठाऊक आहे, पण हे गप्प बसणं वाईट लागलं नाही.

तिला हे सुचलं कसं, तर ओपीडीतल्या बाकांवरून. तिथे मोजकी बाकं. सगळी डॉक्टरांच्या दारात लावलेली, कारण गर्दी तिथे. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर एक स्टूल. मग डॉक्टरांनी तपासलेला माणूस जाणार कुठे? तो तिथेच डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून राहायचा, पाय वर करून. डॉक्टर पेन फिरवत बसायचे आणि बाहेर लोक म्हणायचे, डॉक्टर हळू आहेत. तिने कुणाला न विचारता तीन बाकं उचलून पलीकडे नेली. दुपारपर्यंत रांग ओसरली. आणि वॉर्डबॉयने तक्रार केली की बाकं चोरली.

ही बाई तू घरात आणून कपड्यांच्या घड्या करायला बसवलीस. मीही बसवली, म्हणून जास्त बोलत नाही.

आई

२२ फेब्रुवारी, रविवार

हट्ट्या,

हे अक्षर माझं नाही, रोलरवालीचं आहे. माझा हात जरा मुरगळला आहे.

(दादा, मुरगळला नाही, कोपरापर्यंत प्लास्टर आहे. सहा ट्रॉल्यांच्या गर्दीतून वाट काढताना आजी पडल्या. लिहू नको म्हणाल्या म्हणून कंसात लिहिते.)

ही बाई कंसात काय खरडते आहे देव जाणे. तर ऐक. रोलरपुढे द्यायला नवीन जागा आणणार कुठून, असं तू विचारलंस. आणायची नाही. त्याच दहा. वाटणी बदलायची आहे. पण कशी? एक इकडून तिकडे दिली की इकडे ओरड. नंबरबाई म्हणाली, अंदाज माझ्याकडे आहे, खात्री नाही. मी एका सरांना विचारते. हे सर कॉलेजात रांगांचं गणित शिकवतात. मला वाटलं चेष्टा करते. रांगेत उभं राहायला गणित कशाला, पाय लागतात. पण सर एकदा विद्यार्थी घेऊन ओपीडीत आले होते, तेव्हापासून तिची ओळख.

सर आले. लहानखुरे, सदऱ्याला शाईचा डाग. मी म्हटलं, हा डाग निघेल, काढून ठेवा. म्हणाले, "नंतर. आधी रोलर कितीदा रुसतो ते सांगा." असा माणूस मला आवडतो. दिवसभर घड्याळ घेऊन उभे राहिले. रोलरवालीला विचारलं, मामाला विचारलं, मला विचारलं, आणि आम्ही बोलताना मध्ये तोंड घातलं नाही.

(सरांनी मला "तुम्ही" म्हटलं.)

मग म्हणाले, "आजी, दहा ट्रॉल्या चार जागी वाटायच्या तऱ्हा किती असतील?" मी म्हटलं, असतील दहा-बारा. म्हणाले, "दोनशे शहाऐंशी." बाप रे! माझ्या लग्नाला एवढी स्थळं आली असती तर तुझ्या बापाचं काय झालं असतं!

(आजी हसताहेत, प्लास्टर हलतंय.)

सर म्हणाले, याला सरळ सूत्र नाही, करून बघावं लागतं. प्रत्येक तऱ्हेने लाँड्री हजार दिवस चालवून बघायची. मी म्हटलं, "हजार दिवस? मेट्रनबाईंनी मार्चपर्यंत दिलेत." म्हणाले, "संगणकाचे हजार दिवस चहा होईपर्यंत होतात." मी चहा टाकला. चहा उतू गेला, कारण मी त्याच्या पडद्याकडे बघत बसले. आपली लाँड्री त्याच्यात पळत होती रे. छोटे छोटे ठिपके, म्हणजे आपल्या ट्रॉल्या. ड्रायर तुंबला की लाल व्हायचा. मला वाटलं आत हात घालून एक ट्रॉली सरकवावी.

नंबरबाईने आपला अंदाज आधीच कागदावर लिहून उलटा ठेवला होता. धुण्यापासून घडीपर्यंत क्रमाने दोन, तीन, चार, एक. सरांचं उत्तर आलं: एक, चार, चार, एक. तिने कागद उलटला. सरांनी तो पडद्याला लावून बघितला. मग उठून तिला नमस्कार केला. म्हणाले, "माझे विद्यार्थी सगळी जागा ड्रायरच्या अलीकडे देतात. चार पलीकडे द्यायच्या हे तुम्ही बघून ओळखलंत?" ती म्हणाली, "सर, पण एकीने चुकले." आणि हसली. हट्ट्या, ती हरल्यावर हसली. हे तुला कधी जमलं नाही. मलाही नाही.

आता घरातली भानगड. नियम असा की पुढच्या सगळ्या जागा भरल्या तर मागच्याने हात थांबवायचा. एकही ट्रॉली जास्त सरकवायची नाही. धुणेमामा पेटला. "मी हात थांबवू? मी? जन्मात रिकामा बसलो नाही." काल तो कामावर आला नाही.

(मामांनी मला निरोप दिला आहे की ते आजारी आहेत. ते आजारी नाहीत.)

पुरे. सही मी डाव्या हाताने करते.

आई

५ मार्च, गुरुवार

हट्ट्या,

प्लास्टरमधून बोटं बाहेर येतात, म्हणून मीच लिहिते आहे. वाकडं आहे, पण कंस नाहीत.

तू लिहिलंस, "ही सगळी पुस्तकी गंमत आहे. एखादा दिवस जमेल. एक दणका बसला की कळेल." बरं. दणका बसला की कळवीन.

आधी मामाचं. नंबरबाई त्याच्या घरी गेली. मी म्हटलं, कान उपट त्याचे. तिने काय केलं, तर बरोबर एक खुर्ची नेली. चांगली, हाताची, आपल्या ऑफिसातली. मामाच्या दारात ठेवली. म्हणाली, "मामा, ही तुमची. उद्यापासून धुण्याच्या मशीनशेजारी असेल."

"मला म्हातारा ठरवलंस?"

"नाही. तुम्ही भरभर धुता आणि ओल्याचा डोंगर करता. त्या डोंगराने एक चादरसुद्धा लवकर सुकत नाही. डोंगरात आई पडल्या."

मामाने खुर्चीचा पाय हलवून बघितला.

"जागा भरल्या की तुम्ही या खुर्चीत बसायचं. तुम्ही बसलेले दिसलात की मला लांबून कळेल, पुढे कुठेतरी अडलंय. घंटी वाजवायला नको. आणि कुठे अडलंय ते दिसलं तर बसल्याजागून उठून त्या माणसाला हात द्यायचा. मशीन ओळखणारं तुमच्याशिवाय कोण आहे माझ्याकडे?"

मामा दुसऱ्या दिवशी आला, वेळेआधी. पहिल्यांदा बसायची वेळ आली तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसला, हजामतीला बसतात तसा. रोलरवाली ओरडली, "मामा, चहा आणू का साहेबांना?" मामा म्हणाला, "तोंड चालव तसा रोलर चालव." तेव्हापासून रोज बसतो. दिवसातून चार-पाच वेळा. आणि खरंच, तो बसला की सगळे माना वर करून पुढे बघतात.

आता ते दोन, तीन, चार, एकचं. तिने दोन्ही तऱ्हा चालवून बघितल्या, आधी आपली आणि मग सरांची. सरांची सरस ठरली. का, ते तिने मला समजावलं आणि मला राग आला. माझ्या निवडण्यापुढे तिने दोन जागा ठेवल्या होत्या, त्या माझा मान म्हणून! गणितात सासूचा मान धरला होता बाईने. त्यापायी ड्रायरच्या अलीकडे एक कमी पडायची. धुण्याची दोन्ही मशीनं एकदम रिकामी होतात आणि एकदम भरतात, त्या मधल्या वेळात ड्रायर उपाशी राहायचा. सरांना माझ्या मानाशी देणंघेणं नाही, म्हणून त्यांचं उत्तर बरोबर आलं. मी तिला म्हटलं, "पुन्हा माझा मान ठेवलास तर याद राख." हसली.

गेले आठ दिवस गाडी पाचच्या आत जाते आहे. तू येऊन बघ म्हणणार नाही. तू येणार नाहीस.

आई

२५ मार्च, बुधवार

हट्ट्या,

तुझा दणका काल बसला.

हॉस्पिटलने दोन वॉर्ड एकदम रिकामे करून धुवून काढले. रोजच्या दुप्पट कपडे सकाळीच दारात. पडदेसुद्धा. मेट्रनबाईंचा निरोप आला की आज संध्याकाळी दोन्ही वॉर्ड भरायचे आहेत, पाच म्हणजे पाच. मार्च संपायला आठवडा राहिलेला. मला कळलं की आज जे होईल तेच त्या धरणार.

दुपारचं जेवण झालं आणि रोलरचा पट्टा तुटला. सरकला नाही, तुटला. रोलरवालीने कपाळाला हात लावला. मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, निघालो.

सुकलेल्या चादरी ड्रायरमधून येतच होत्या. पहिली ट्रॉली भरली, दुसरी भरली. मागे ड्रायरच्या अलीकडच्या मामाच्या चार भरल्या, मामा खुर्चीत बसला. त्याच्याही मागे माझी एक भरली. दारात न निवडलेला ढीग माझ्या कमरेइतका. सगळे हात थांबलेले आणि घड्याळ चाललेलं. हट्ट्या, चालू दिवसात सगळं शांत झालं की जीव कसा होतो ते तुला माहीत आहे. घडीवाली एक जण म्हणाली, "बोळ मोकळा आहे, पाच-सहा ट्रॉल्या बोळात लावू. मामा धुवत राहतील, तेवढं तरी होईल." मामा उठला. मीही ओरडले, "लाव गं बोळात! बघत काय बसलात!"

नंबरबाई बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. हात पसरले नाहीत, आवाज चढवला नाही. नुसती उभी.

"नाही आई."

"अगं, काम पडलंय!"

"ड्रायर चालू आहे ना? मग आपण थांबलेलो नाही. बाकी सगळे थांबले तरी आपण थांबलेलो नाही."

सगळ्यांनी ड्रायरकडे बघितलं. गोल गोल फिरत होता बिचारा, एकटाच. तिसरी ट्रॉली भरली. मी तिच्याकडे बघत होते. तिच्या मानेवरची शीर उडत होती. म्हणजे भीती तिलाही होती. आमच्यापेक्षा जास्त असेल, कारण आम्ही चुकलो असतो तर सगळे मिळून चुकलो असतो, ती चुकली असती तर एकटी. तरी बाजूला झाली नाही.

मेकॅनिक आला तो शिडी आणि पट्टा खांद्यावर घेऊन, बोळातून थेट रोलरपाशी. मागच्या वेळी पट्टा गेला तेव्हा बोळ भरलेला, त्याला ट्रॉल्या उचलून आत घ्यावा लागला होता, तू स्वतः उचलल्या होत्यास. मामा खुर्चीतून उठून त्याला हात द्यायला गेला. चौथी ट्रॉली भरत आली होती तेव्हा रोलर फिरला.

मग जी धमाल झाली! रोलरपुढे चार ट्रॉल्या सुकं तयार. तो चपळ, गिळत सुटला. जसजशा जागा मोकळ्या होतील तसतसा ड्रायर ओततोय, मामा धुतोय, मी एका हाताने निवडते आहे. रोलरवालीच्या तोंडून एक विनोद नाही, त्यावरून काय ते समज. ड्रायर सबंध दिवसात एकदाही तुंबला नाही, हट्ट्या. जुन्या वाटणीत पट्टा तुटल्यावर तो लगेच उभा राहिला असता आणि आपण हॉस्पिटलला फोन करून रडत बसलो असतो.

गाडी गेली. पाचाला दहा कमी असताना मेट्रनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "पडदेसुद्धा?" मी म्हटलं, "पडदेसुद्धा." मग म्हणाल्या, "आजी, मार्चअखेरची वाट बघत बसू नका. काम तुमच्याकडेच राहील. तुमच्या त्या बाईंना सांगा."

मी फोन ठेवून वळले तर त्या बाई बादलीवर बसलेल्या. दोन्ही हातांनी बादलीची कड घट्ट धरून. मी म्हटलं, "काम राहिलं." तिने मान हलवली. मी काय करावं ते मला सुचेना. पाठीवरून हात फिरवणं मला जमत नाही. तिच्या चपला दाराशी उलट्या पडल्या होत्या, त्या सरळ करून ठेवल्या.

आई

३ एप्रिल, शुक्रवार

हट्ट्या,

तुझ्या पत्रात या वेळी एकच ओळ. "बरं झालं." कशाबद्दल, कुणाचं, काही नाही. चालेल. एक ओळ लिहायला तुला किती जड गेलं असेल ते मी जाणते, मीच जन्म दिलाय.

आता बातमी. काल तुझे मालक आले होते. पांढरे बूट घालून लाँड्रीत. हॉस्पिटल हातचं गेलं कसं ते बघायला आले असणार, पण माणूस सरळ वाटला, आडून विचारलं नाही. हॉलभर फिरले. म्हणाले, "कुठलं मशीन घेतलंत नवीन?"

नंबरबाई म्हणाली, "खुर्ची."

त्यांना वाटलं मस्करी करते. मामाने उठून खुर्ची दाखवली. मग तिने त्यांना सगळं सांगितलं, उपाशी काय, तुंबली काय. मालक ऐकत ऐकत तिथल्याच एका ट्रॉलीच्या कडेला टेकले, पांढऱ्या पँटीचं भान राहिलं नाही. मी मागे उभी होते. हट्ट्या, तुला सांगते, मी पुष्कळ बोलणारे बघितले. बोलताना माणूस जरा मोठा व्हायला बघतो. ही बोलताना स्वतः मध्ये येतच नाही. ऐकणाऱ्याला हॉल दिसतो, ड्रायर दिसतो, ही दिसत नाही. आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "शेवटची एक जागा माझी चुकली होती, ती सरांनी दुरुस्त केली." न विचारता.

मालक म्हणाले, "आमच्याकडे तुमच्या पाचपट मशीनं आहेत आणि रोज कुठे ना कुठे अडतं. तीन आठवडे याल? आमची वाटणी करून द्या."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, पोरीला मी सांभाळीन, लाँड्री मामा आणि सर बघतील. (सरांना आता रोज चहाला यायचं असतं. डागही काढून दिला.) मग तिने मालकांना एक अट घातली. ती तिथे असेपर्यंत तिला विचारल्याशिवाय एकही ट्रॉली कुणी हलवायची नाही.

मालक म्हणाले, "त्यात फोरमनही आला. आमचा फोरमन जरा तापट आहे. माणूस कामाचा आहे, पण त्याला कुणी सांगितलेलं खपत नाही."

मामा खोकला. रोलरवाली रोलरच्या मागे गेली. मी छताकडे बघत होते.

नंबरबाई म्हणाली, "बघू. सांगितलेलं आधी ऐकू तर देत."

म्हणजे तुझ्या मालकांना ठाऊक नाही की तू हिचा कोण. तू त्यांना सांगितलेलं नाहीस. काल तिनेही सांगितलं नाही, आणि मी तोंड उघडायला गेले तर तिने माझ्या हातात टॉवेलची चळत दिली. नंतर मी विचारलं, का गं नाही सांगितलंस? म्हणाली, "ते सांगायचं काम माझ्याकडे नाही." एवढंच. राग नाही, टोमणा नाही. मला टोमणा सुचला होता, पण तिच्यापुढे तो फार लहान वाटला.

सोमवारी सकाळी ती तुमच्याकडे पोचेल. राहायची सोय मालकांनी परिचारिकांच्या वसतिगृहात केली आहे, तुझ्या उन्हाच्या खोलीत नाही. मालक तिला घेऊन हॉलमध्ये येतील, तुला बोलावतील आणि सगळ्यांच्या देखत विचारतील, फोरमन, या बाईंना ओळखता का?

काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी इथून काही शिकवणार नाही. दाढी मात्र करून जा.

आई